दातांनी सोललेली तार

हे मी आजवर कुणापुढेच उघडं केलेलं नाही. बायकोपुढे नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही मधला भाग गाळूनच बोलतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

गोरव्याला माझं गॅरेज आहे. गाड्या पळवायचा शौक असलेली मंडळी माझ्याकडे नायट्रस बसवून घ्यायला येतात. सीटमागे गॅसची बाटली, तिथून इंजिनापर्यंत नळी. बटण दाबलं की गाडी मानेला हिसडा देऊन सुटते. बडोद्यात हे काम सांभाळून करणारा म्हणून माझं नाव होतं. प्रत्येकाला मी तेच सुनवायचो — गॅस सोडला की पेट्रोलही त्या हिशेबात वाढलं पाहिजे, नाहीतर इंजिन आतून वितळतं. म्हणून पेट्रोलच्या नळीवर एक छोटा स्विच. पेट्रोलचा दाब कमी झाला, की तो गॅस तोडतो. "हा स्विच म्हणजे तुझी आई. ती नको म्हणाली, की थांबायचं." लोक हसायचे. मी हसत नसे.

केवढा शहाणा माणूस, नाही?

वायरिंग दिलीप करायचा. दिलीप म्हणजे माझा मेहुणा, सुनंदाचा धाकटा भाऊ, चाळिशीतला. त्याने बांधलेली तारांची जुडी बघत राहावी अशी असायची. मी डावखुरा, टेपही उलटी गुंडाळतो, त्यावरून तो मला चिडवायचा. "दाजी, तुम्ही तारेला हात लावू नका. तिलाच शॉक बसेल."

आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. तलवार केव्हाच गेली, खंडेनवमी राहिली. गॅरेजमध्ये लाल कापडावर पाने, कटर, दाब मोजायचं गेज, कुंकू, झेंडू. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वडिलांनी हे कधी मोडलं नाही. मीही नाही. मला त्याचा फार अभिमान होता — हे तेवढं लक्षात ठेवा.

एका खंडेनवमीला दुपारी हेमांग आला, माझ्याकडूनच नायट्रस बसवून घेतलेला पोरगा. दिलीप तोरणाची फुलं आणायला गेला होता. "काका, गॅस वच्चे वच्चे कपाई जाय छे," हेमांग म्हणाला. मध्येच तुटतोय. दसऱ्याला दोस्तांपुढे गाडी पळवायची होती त्याला.

स्विच गॅस तोडतोय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मला हे कळलं नाही असं म्हणू? कळलं. लगेच कळलं. गेज लावलं असतं तर दहा मिनिटांत दिसलं असतं. पण गेज लाल कापडावर होतं, आणि त्यावरचं फूल मीच वाहिलेलं. मग उद्या ये म्हणायचं होतं — तेही म्हणालो नाही. मला जमत नाही असं काही आहे, हे त्याला दिसायला नको होतं.

मी स्विचच्या दोन्ही तारा हाताने उपटल्या. कटर पूजेत, म्हणून दातांनी सोलल्या. जिभेला तांबं लागलं. पीळ देऊन एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप. आता गॅस तुटणार नव्हता, काहीही झालं तरी. आणि हत्याराला हात लागला नव्हता! खरं सांगतो, बरं वाटलं मला.

"सेफ ने, काका?"

"एकदम."

'आधी मला दाखव, मग पळव,' असंही मी म्हणालो होतो — हे मी स्वतःला कितीतरी वर्षं पटवत आलो. नव्हतो म्हणालो.

हेमांगने दसऱ्याच्या सकाळची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी शहराबाहेर, छाणीपलीकडे, रिकाम्या रस्त्यावर बटण दाबलं. पिस्टन वितळला, आग उलटी फिरली, इंजिनाच्या तोंडाशी भरलेला गॅस फुटला. बोनेट उखडून काचेवर, काच फोडून आत. गाडी मी नंतर पाहिली. सीटवर काचांचा चुरा होता, आणि वाळलेल्या रक्तात चिकटलेले केस. त्याचा उजवा डोळा गेला. दोन्ही हातांची कातडी स्टिअरिंगला राहिली.

दसऱ्याला सकाळी त्याचा मोठा भाऊ तिघांना घेऊन आला. दिलीप स्टुलावर उभा राहून तोरण बांधत होता. टेबलावर फाफड्याचा पुडा तसाच उघडा. भावाने मूठ उघडली — गाडीतून कापून आणलेल्या माझ्या दोन तारा, काळ्या टेपसकट. "आ कोणे कर्युं?"

कुणी काही बोलायच्या आत मी वळलो आणि दिलीपच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनिशी. तो स्टुलावरून खाली पडला. "स्विचला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला!" — हा माझाच आवाज. एवढा खणखणीत मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

दिलीप जमिनीवरून माझ्याकडे बघत होता. मग तारांकडे.

पुढचं त्यांनी केलं. लाथा, बुक्क्या, डोकं शटरवर. एकाने लाल कापडावरचा चाकपाना उचलला, झेंडूची फुलं लागलेला, आणि दिलीपचा उजवा पंजा फरशीवर दाबून त्यावर हाणला. पुन्हा हाणला. हाडं मोडताना ओली काटकी मोडल्यासारखा आवाज येतो. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. माझ्या मनात काय आलं, सांगू? उत्तरपूजा व्हायची आहे अजून. हे आलं मनात. मी भिंतीला टेकून उभा होतो. एकदाही 'थांबा' म्हणालो नाही.

दवाखान्यात मी त्याला बशीतून चहा पाजत होतो. ओठ सुजलेले, निम्मा चहा हनुवटीवर. तो हळूच म्हणाला, "दाजी, टेप उलटी होती." एवढंच. चहा संपवला. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, माझ्यापाशी नाही की बहिणीपाशी नाही.

आता तो एका कारखान्याच्या गेटवर बसतो. बोटं वळत नाहीत. वहीत गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहितो.

दर भाऊबीजेला येतो. सुनंदा त्याला ओवाळते, कपाळावर कुंकू लावते, आणि दर वर्षी तेच म्हणते, "तुझ्या एका चुकीपायी माणसाचा डोळा गेला रे. आता तरी सांभाळून राहा." तो "हो ताई" म्हणतो.

मी समोरच्या पाटावर बसलेलो असतो. यंदाही बसलो होतो. श्रीखंड वाढलेलं होतं. मी जेवलो.

तार मी जोडली. त्याच्यावर पहिला हात मी उचलला.