ताप आलेली बाजरी

माझ्या कोंबड्या आज जित्या आहेत त्या मुकुंदवाडीतल्या एका म्हातारीमुळं. तिचं नाव मला ठाऊक नाही.

आठवीत शाळा सोडून मी किनवटहून इथं कामाला आलो. खोलीवर करमेना म्हणून कोंबड्या पाळल्या. गावी आई त्यांच्यासाठी भिजवलेली बाजरी फडक्यात बांधून मोड आणायची. फडकं लवकर वाळतं म्हणून मी प्लास्टिकची पिशवी घेतली.

एका सकाळी पिशवी उचलली तर कोंबड्या जवळच येईनात. मागं वळलो, तर दारात ती म्हातारी. तिनं पिशवीला आधी कान लावला, मग गाल.

"लेकरा, हिला ताप आलाय. खातील तर मरतील."

मी हात घातला. बाजरी खरंच तापलेल्या कपाळासारखी लागली. आत काळी बुरशी.

तिनं ती बाजरी परसात खोल पुरली आणि झोपवावं तशी माती थोपटत बसली.

"मावशी, फेकली असती की."

"जितं होता होता गेलं ते. तान्ह्याला पुरतातच ना? माझंबी पुरलंय."

ती पुन्हा दिसली नाही. आता मी फडकंच वापरतो, रोज त्याला गाल लावून बघतो. एक कोंबडी अंड्यांवर बसलीय. पहिलं पिल्लू निघालं की म्हातारीला हुडकून तिच्या ओंजळीत ठेवीन, ऊन ऊन, जितं.