गंगेचा गडू

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर माझ्या चपलांमागून आईचा तांब्याचा गडू आत गेला आणि पट्टा थांबला. त्यात काशीहून आणलेली गंगा होती, लाखेनं बंद केलेली. परदेशात ताईचं आता काही खरं नव्हतं. तिच्या तोंडात घालायला आईनं तो दिला होता. "मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातात ने," असं बजावलंही होतं. देवघरातली वस्तू चपलाबुटांच्या ढिगात कशी टाकायची, असं मलाही वाटलं.

"एक घोट पिऊन दाखवा, नाहीतर ओता," अधिकारी मऊ आवाजात म्हणाला.

ताईच्या वाटणीचा घोट मी कशी घेणार? नखांनी लाख खरवडली आणि कचऱ्याच्या डब्यात, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर गंगा ओतली. कुणाला कशाची भीती वाटेल सांगता येत नाही. इथे ती एवढ्याशा पाण्याची वाटली. रिकाम्या गडूला मात्र कुणी अडवलं नाही.

विमान सहा तास उशिरा सुटणार होतं. मी पिण्याच्या नळाखाली गडू धरला. आईला सांगायचं नाही, असं ठरवलं.

गडू भरत आला तेव्हा भाचीचा मेसेज आला, "मावशी, आता घाई करू नकोस."