बरबटीच्या दोन रांगा

साक्षात सूर्यावर संशय घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होता. भिलाईच्या मरोदा वसाहतीत आम्ही सगळेच त्यांना काकाजी म्हणत असू. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ते नकाशांच्या प्रती काढत आणि मी तिथेच कारकुनी करत होतो. ऐंशीचं दशक संपता संपता पेपरात बातमी आली, की वर ओझोनच्या थराला भोक पडलं आहे, त्यातून अतिनील किरण येतात आणि पिकं, जंगलं खराब करतात. बाकीच्या भिलाईने ती बातमी वाचली आणि त्याच पेपरात भजी बांधून नेली. काकाजींनी मात्र ती कापून देवघरात लावली. मला म्हणाले, "सरकार पाहीन तवा पाहीन. मरोद्याचं आपल्यालेच पाहा लागते ना!"

पाहायची युक्तीही त्यांचीच. नकाशे छापायचा अमोनिया पेपर उन्हात धरला की त्याचा रंग उडतो, आणि नंतर अमोनियाच्या वाफेत ठेवला की उन्हातून वाचलेला भाग निळा होतो. रद्दीत जाणाऱ्या कोऱ्या कडा काळ्या कागदात गुंडाळून ते घरी आणत, त्यांच्या पट्ट्या कापून पाच मिनिटं उन्हात टांगत आणि मग लोणच्याच्या बरणीत सोडत. बरणीत कैरीच्या जागी अमोनिया आला होता आणि काकूंनी त्या वर्षी लोणचं पातेल्यात घातलं होतं. पट्टी जितकी फिकी, तितका सूर्याचा अपराध मोठा. एक ते पाच असे त्याचे नंबर होते. बरणीचं झाकण निघालं की भिंतीपलीकडे आमच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि माझी बायको म्हणायची, "घ्या, बसले काकाजी विज्ञानाले."

या माणसाला स्थळकाळाचं भान नव्हतं. हुडको कॉलनीत एका भर दुपारच्या लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाच्या फेट्याला पट्टी टाचली. बरणी पिशवीत सोबत होतीच; तिच्या वासाने लग्न अर्धा तास लांबलं. अक्षता टाकायच्या सोडून हे वधूपित्याला सांगत होते, "जावयाले चार नंबर लागला, सावलीत घ्या त्याले!" पिकनिकला गेलो तेव्हा जंगलातल्या सागांना त्यांनी नंबर घातलेल्या पट्ट्या बांधल्या. नंबर पडलेलं झाड म्हणजे तोडायचं झाड, हा तिथला रिवाज. वनरक्षक धावत आला. "किसके ऑर्डर से कटाई हो रही है?" काकाजींनी त्याला ओझोन समजावला, त्याने काकाजींना कायदा समजावला, आणि आमची पुरीभाजी तिसरीकडेच वानरांनी समजून घेतली.

पण खरा जीव होता तो मागच्या अंगणातल्या बरबटीत, म्हणजे चवळीच्या वेलांत. दोन रांगा. एकीवर जुन्या खिडकीच्या काचा, कारण काच ते वाईट किरण अडवते, दुसरी उघडी. माती तीच, बी तेच, आणि ड्यूटीवर जाण्याआधी दोन्हींना मोजून तीन-तीन लोटे पाणी. उघडी रांग खुरटायला हवी होती. झालं उलटंच! सलग तीन वर्षं उघडीच्या शेंगा हातभर आणि काचेखालची आपली रडतराऊ. काकाजी हर्षाने वेडे व्हायचेच काय ते बाकी होते. "जग घाबरून राहिलं, अन् आपली बरबटी फुगून राहिली!" त्यांनी सगळं एका वहीत सुवाच्य लिहिलं आणि कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना पत्र घातलं. प्राध्यापकांनी कळवलं, की येऊन पाहतो, पटलं तर कॉलेजच्या मासिकात तुमच्या नावाने छापतो. त्या दिवशी काकाजी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्याच्या रेघा छापल्या. खाली सही त्याइची. हा एक कागद माहा आहे." मी तोपर्यंत त्यांना हसत आलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

प्राध्यापक रविवारी आले, तेव्हा मीही अंगणात हजर होतो. वाकून शेंगा पाहिल्या, वही पाहिली, मान डोलावली. काकाजी नव्या शर्टात ताठ उभे. मग प्राध्यापकांनी सहज विचारलं, "दोन्ही रांगांना पाणी सारखंच ना?"

"अगदी मोजून," काकाजी म्हणाले.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "हे तर मोजूनच टाकतात जी. पण हे ड्यूटीवर गेले की मी त्या उघड्या रांगेले रोज तांदळाचं धुवण टाकून राहिली ना. तिले काच नाही, काही नाही, उन्हात होरपळते बिचारी. मले पाहवत नव्हतं."

प्राध्यापकांनी वही अलगद मिटून काकाजींच्या हातात दिली, चहा घेतला आणि ते दुर्गची बस पकडायला निघाले. आता भांडी उडणार म्हणून मी दाराकडे सरकलो.

"तीन वर्षं?" काकाजींनी विचारलं.

"हो ना, तीनही वर्षं. कावून?"

काकाजींनी वही काखेत मारली आणि कप उचलला. "काही नाही," ते म्हणाले, "चहात साखर कमी आहे." त्या धुवणाने काय वाहून गेलं, हे त्यांनी काकूंना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आम्हालाही तंबी होती.

पुढे आम्ही हुडकोत राहायला गेलो. काकू वारल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी एका रविवारी काकाजींकडे गेलो. दार उघडंच होतं. मागे बरबटीच्या दोन रांगा तशाच, एकीवर काचा. अमोनियाचा वास मात्र नव्हता. बरणी धुऊन फळीवर पालथी घातली होती. काकाजी स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आले आणि उघड्या रांगेच्या मुळाशी सावकाश धुवण ओतू लागले.

जुन्या सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "काकाजी, प्रयोग बिघडून राहिला ना."

"बिघडू दे," ते म्हणाले. पातेलं पार रिकामं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "मले बी पाहवत नाही आता."