निघतो म्हटल्यावर

आमच्याकडे "येतो मंग" म्हणून कोणी उठलं, की खरं बोलणं आता सुरू होणार असं समजायचं. बैठकीत थंडी आणि कापसाचा भाव. पोटातलं सगळं फाटकापाशी. माझ्या भावाचं लग्न मारेगावातल्या आमच्या फाटकावर जमलं, पाहुण्यांच्या पायात चपला असताना.

मुकुटबनच्या मैत्रिणीची आई तर याच्याही पुढची. यवतमाळला कॉलेजात ती, मी आणि पुसदची एक, अशा आम्ही तिघी होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. सुटीत तिच्या गावी गेलो की परतताना तिची आई बसथांब्यापर्यंत यायची, आणि बस आली की म्हणायची, "जाऊ द्या तिले. मांगून दुसरी येते." दुसरी आली की पुन्हा तेच.

ती मैत्रीण आता नऊ वर्षं व्हिएन्नात आहे. गेल्या डिसेंबरात पुसदची मैत्रीण आणि मी तिच्याकडे दहा दिवस राहून आलो. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवर कोणीही गोड बोलतं. ती अजून आमचीच आहे का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. राजवाडे दुसऱ्या नंबरावर.

घरात शिरताच फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक दिसलं. दहा दिवसांचं, मिनिटांसकट. मी शाळेत शिकवते, पण असलं वेळापत्रक आमच्या मुख्याध्यापकांनाही जमलं नसतं. शिवाय बाई पुस्तकातलं मराठी बोलत होती. होस्टेलात जिचं वाक्य "काहून वं"शिवाय सुरू व्हायचं नाही, ती म्हणाली, "तुम्हाला थकवा आला असेल ना?"

तिसऱ्या दिवशी साल्झबुर्गला जायचं होतं, नऊ वाजून चार मिनिटांच्या गाडीनं. निघताना जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या आणि त्यांनी नाताळची बिस्किटं पुढे केली. झालं. पुसदवाली थांबली. आजी जर्मनमध्ये, ही वऱ्हाडीत, आणि दोघींचं छान चाललेलं. गुडघ्यावर हात ठेवून झाले, सुनेचा विषयही बहुतेक झाला. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचा मागचा डबा तेवढा दिसला.

"इथे गाडी कोणासाठी थांबत नाही," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही लोक ना, निघायचं म्हणजे निघायचं, हे कधी शिकणार?"

"म्हातारी बोलून राह्यली होती, तिले तसंच सोडू का?" पुसदवाली म्हणाली.

गाडी गेल्याचं मला काही नव्हतं. पण "तुम्ही लोक"? कालपर्यंत आपण लोक होतो. पुढच्या गाडीनं जाऊन साल्झबुर्गचा किल्ला मी फुगलेल्या तोंडानंच बघितला. फोटोत अजूनही तसंच दिसतं, म्हणजे माझं तोंड.

एकतीस डिसेंबरला पुसदवालीनं हट्ट धरला की नवं वर्ष आपल्या घड्याळानं. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले तेव्हा आपल्याकडे बारा. "ठीक आहे, पंधरा मिनिटं," मैत्रीण म्हणाली आणि वेळापत्रकात तशी नोंदही केली. आम्ही केक कापला, घरी फोन लावले, तीळ-शेंगदाण्याची चटणी पोळीला लावून खाल्ली आणि साडेनऊला तिघी घोरत होतो. शहरानं फटाके कधी उडवले, ते विचारू नका.

निघायच्या दिवशी मी सकाळी वेळापत्रक वाचलं. साडेनऊला बॅगा खाली. विमानतळाची गाडी पावणेअकराला. स्टेशन रस्त्यापलीकडे, दोन मिनिटांवर.

माझं डोकं फिरलं. "दोन मिनिटांच्या वाटेले सव्वा तास? एवढाही भरोसा नाही आमच्यावर?"

तिनं फक्त बोट ठेवलं. दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात लिहिलं होतं: साडेनऊ ते दहा-चाळीस, दारात उभं राहून बोलणं.

मी चहाचे कप विसळायला घेतले. तिथं माझं रडं कोणाला दिसलं नाही.

मग इमारतीच्या दारात, शून्याखालच्या थंडीत, तिघी बॅगांना टेकून उभ्या राहिलो. "निघतो मंग" चार वेळा म्हणून झालं. दहा दिवसांत जे निघालं नव्हतं ते सगळं तिथं निघालं. मुकुटबनला तिच्या आईला आता एकटीनं करवत नाही. आईला इकडे आणावं, तर तिला इथं फाटक कुठून द्यायचं? शेजारच्या आजी खिडकीतून बघत होत्या, पुसदवालीनं त्यांना हात केला.

दहा-चाळीस झाले. घड्याळ मी बघितलं, मुकुटबनवालीनं नाही.

"चल वं," मी म्हणाले, "गाडी सुटंन."

तिनं माझ्या बॅगेचा पट्टा धरला तो सोडलाच नाही.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली. "मांगून दुसरी येते."