गाडीसमोरची ऊब

मिस्त्रींबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याविषयी फारसं माहीत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं गॅरेज माझ्या खोलीच्या खिडकीखाली होतं, एवढीच आमची ओळख. त्यांचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक नव्हतं. बायको कशाने गेली, हे मी कधी विचारलं नाही. ते मला मास्तर म्हणायचे. मी जन्मभर टपाल खात्यात पत्रं निवडली, कुणाला कधी शिकवलं नाही. एकदा तसं सांगून पाहिलं, तर म्हणाले, चष्म्यावरून शोभतं, आता राहू द्या.

नोकरी संपल्यावर संध्याकाळी खोली अंगावर यायची. मग मी खाली उतरून त्यांच्या दारात एका उलट्या डब्यावर बसायचो. ते कुणाच्या तरी गाडीत डोकं खुपसून उभे असायचे. आमचं बोलणं जेमतेम व्हायचं. चहा मात्र ते न विचारता दोन कप ओतायचे.

एका हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, सासरचं माणूस जवळ नाही. दवाखाना तिच्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वेळ आली तर मी कुठे गाडी शोधत फिरू, बाबा, तुम्ही आपली गाडी घेऊन या, असं ती म्हणाली. आईच्या मागे ती वडिलांशी तुटक वागायची, एवढं फोनवरच्या गप्पांच्या लांबीवरून मला कळलं होतं. मिस्त्री फोन ठेवून म्हणाले, "मला नाही हो बोलावलं, गाडीला बोलावलंय. मी नुसता ड्रायव्हर."

हसले, पण लगेच हात पुसून स्वतःच्या गाडीकडे वळले.

घोडं तिथेच अडलं होतं. ती गाडी मोकळ्या रस्त्यावर दिवसभर पळवा, काही तक्रार नाही. चालू ठेवून एका जागी उभी केली, की इंजिन तापायला लागायचं. इथे त्यांना ते चालून जात होतं. त्या शहरात मात्र माणूस गाडीत बसून निम्मा वेळ उभाच असतो. मागच्या सीटवर कळा देणारी पोर आणि बोनेटमधून वाफ, हे चित्र त्यांनी मला दोनदा तरी बोलून दाखवलं.

मग रोज संध्याकाळी आमचा तोच उद्योग. गाडी दारात चालू ठेवायची, मी स्टिअरिंगसमोर बसून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा अर्ध्यावर आला की मी सांगायचं, वर सरकला की पुन्हा सांगायचं. मला चालवता येत नाही, पण त्या सीटवर बसून मी गंभीर चेहरा करायचो. मिस्त्रींनी रेडिएटर आतून धुतला, झाकण बदललं, थर्मोस्टॅट बदलला. पाण्याचा पंपही उतरवून पाहिला, तो चांगला निघाला. पंखा वेळेवर सुरू व्हायचा आणि भरभर फिरायचा. तरी काटा हट्टी जावयासारखा वर चढून बसायचा. लेकीचा रोज फोन यायचा, निघालात का. उद्या निघतो, असं ते सांगायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

गाडी नीट झाली की खालचं दार बंद होणार, हे मला कळत होतं. तरी काटा मी खरा तोच सांगायचो.

त्या दिवशी गारठा जास्त होता. काटा वर गेल्याचं सांगून मी पाय मोकळे करायला उतरलो आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. तिथे रोजच उभा राहायचो. मिस्त्रींनी विचारलं, आत बसायचं सोडून तिथे काय करताय. मी म्हणालो, "इथे पायांना छान गरम लागतं."

मिस्त्री उठून माझ्या शेजारी आले. जाळीपुढे तळहात धरला. मग रद्दीतला एक कागद घेऊन जाळीवर टेकवला. कागद आत ओढला जाऊन चिकटायला हवा होता. तो फडफडून माझ्या गुडघ्यावर आला.

पंखा उलटा फिरत होता. रेडिएटरमधून हवा आत ओढायची सोडून तो इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता. गाडी पळताना समोरचा वारा त्याला दाबून आत शिरायचा, म्हणून तेव्हा काही जाणवायचं नाही. बायको गेली त्या महिन्यात त्यांनी भंगारातल्या एका गाडीची पंख्याची मोटर काढून आपल्या गाडीला बसवली होती. त्या मोटरच्या तारांचे रंग उलटे होते. यांनी सवयीने रंगाला रंग जोडला.

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. कपाळावर काळं उमटलं. "दुसऱ्या कुणी बसवला असता तर पहिल्याच दिवशी कागद लावला असता," म्हणाले. "आपल्याच हातचं काम, म्हणून बघितलंच नाही."

दोन तारांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो. नंतर गाडी बराच वेळ उभी राहून गुरगुरत होती आणि काटा अर्ध्याखालून हलला नाही. मी सीटवर बसूनच होतो. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीकडे निघाले.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी लेकीच्या फोनवरून कळलं. ऐन गर्दीत गाडी चौकात कितीतरी वेळ अडकली, पण तापली नाही. मुलगी झाली. मग तिने वडिलांना परत येऊच दिलं नाही. नातीला मांडीवर घेऊन ते गाडीत बसायचे आणि गाडी जागेवरच चालू ठेवायचे, तिला त्या आवाजाने झोप लागायची, असं ती सांगत होती. सांगता सांगता रडली, कारण मिस्त्री वारल्याचं कळवायलाच तिने फोन केला होता. ती मला काका म्हणाली.

ते निघाले त्या सकाळी आम्ही काही खास बोललो नव्हतो. त्यांनी पिशवी मागे टाकली, काच खाली केली आणि म्हणाले, "मास्तर, मागे घेतोय. कुणी आहे का बघा जरा."

मी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"कुणी नाही," म्हणालो, "येऊ द्या."