दीड वाटी पेज

बायको गेल्यावर पाच महिन्यांनी मी रुग्णालयात मदतनीस म्हणून जाऊ लागलो. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला तिथे काय येणार? केसपेपर लिहून द्यायचे, एक्स-रेची खोली दाखवायची, डोळ्यांना पट्टी असलेल्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. खायला-प्यायला मात्र कुणाला काही द्यायचे नाही, असे पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मी ते वहीत लिहूनही घेतले होते.

तिसऱ्या आठवड्यात पूर्णगडचा एक म्हातारा तांडेल दाखल झाला. उभा जन्म होडी हाकण्यात गेलेला, आता हर्निया. ऑपरेशन सकाळी अकराला. पोटात काहीही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, असे सिस्टर माझ्यासमोर सांगून गेल्या. त्याची बायको औषधे आणायला खाली उतरली आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवर घरचा डबा आला. झाकण निघाले, गरम पेजेचा वास सुटला. मला एवढी जात नाही, तुम्ही घ्या, असे शेजारी म्हणाला. तांडेलाने माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, घोटभर द्या. पेज काय जेवण असतं?"

मला ते अगदी पटले. आमच्याकडे माणूस वाटीभर पेज पिऊन उठतो आणि सकाळपासून पोटात काही नाही म्हणून सांगतो. शिवाय शेवटचे दोन महिने मी बायकोला रोज पेज भरवत होतो. तिला चार चमचेही जात नसत. हा गडी दीड वाटी प्यायला, वर लोणच्याची फोड चोखली. मला इतका आनंद झाला की मी त्याचे तोंडही पुसून दिले.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. पोटात काही गेले नाही ना, असे त्यांनी विचारले. "काय नाय," तांडेल म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. मीही मान हलवली. सिस्टरनी कागदावर 'उपाशी' असे लिहिले. मी तो शब्द वाचला. ऐकलेल्यापेक्षा वाचलेले मला लवकर कळते. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर माणूस दगावतो, हे बायकोच्या वेळी डॉक्टरांनी मला समजावून सांगितले होते.

मी ताडकन उठलो. तांडेलाने मनगट धरले. मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून एकाच दिवसाची रजा काढून आलाय, उद्या त्याला मिळायची नाही, गप्प बसा, असे तो पुटपुटला. मी हात सोडवून घेतला आणि धावलो. पासष्टीनंतर प्रथमच धावत होतो. एक चप्पल वॉर्डातच राहिली.

"सिस्टर, मी त्यांना पेज पाजली."

"किती?"

"दीड वाटी."

"आणि?"

"लोणच्याची फोड."

सिस्टरनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या संतापलेल्या होत्या, पण ओठ थरथरत होते. "पापड राहिला की, मास्तर," म्हणाल्या आणि भूलतज्ज्ञांना फोन लावायला गेल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले.

मुलाला मीच सांगितले. माझे पांढरे केस बघून त्याने शिव्या गिळल्या. उद्या तुझ्या आईबरोबर मी बसतो, बाबा शुद्धीवर येईपर्यंत हलत नाही, असे मी त्याला म्हटले. यांनी पाजली, यांनी पाजली, असे तो आईला सांगत राहिला. शेवटी त्याची आईच फणकारली, "त्यांनी पाजली म्हणतोस. तुझ्या बापसाने आ केलान त्याचं काय?"

सिस्टरनी मला काढून टाकले नाही. दुसऱ्या दिवशी खाटेपाशी स्टूल ठेवून त्यावर बसवले आणि याच्या तोंडाकडे बघत राहा म्हणाल्या. तांडेलाने शहाळ्याचे पाणी मागितले, मग सोलकढी, मग निदान सुपारी. मी वर्गातल्या आवाजात नाही म्हणत होतो. हळूहळू सगळा वॉर्ड त्याच्या बाजूने भांडू लागला. कोपऱ्यातला पाय मोडलेला गृहस्थ चहा हे खाणे नसल्याचे पटवून देत होता. सिस्टर येऊन सगळ्यांना ओरडल्या आणि स्वतःच हसत बाहेर गेल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आले. मध्येच बायकोची आठवण आली. आता हसू थांबेल असे वाटले, पण ते थांबले नाही.

मग स्ट्रेचर आले. दार बंद झाल्यावर त्याची बायको आणि मी बाकावर बसलो. तिने दाराकडे बघत विचारले,

"काल तसंच नेलं असतं तर?"

कदाचित परत आले नसते, असे मी खरे तेच सांगितले. तिने पदर चाचपला. "बरं धावलात," एवढेच म्हणाली.

दीड तासाने तांडेल बाहेर आला, डोळे अर्धवट उघडून बायकोवर कशावरून तरी खेकसला. मी त्याच्या मुलाला फोन लावला. त्याच्या बाजूला यंत्रांचा गलका, त्याला काही ऐकू येईना. काय, काय, असे तो घाईघाईने विचारत होता. चाळीस वर्षे वर्गाला हळू बोला म्हणून दटावणारा मी, व्हरांड्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "बाबा बरे आहेत." त्याने पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा ओरडलो, आणखी मोठ्याने, आणि मला कुणीही गप्प केले नाही.