उंबऱ्यावरचा भात

घरातली पोट्टी माझ्याभोवती जमतात आणि भुताची गोष्ट सांग म्हणून डोकं खातात. म्हातारी आहे, एका डोळ्यात फूल पडलंय, तोंडभर देवीचे व्रण आहेत, म्हणजे हिला भुतं ठाऊक असणारच! मी हाकलून देते त्यांना. भूत मी पाहिलेलं नाही. पण एक आठवण आहे, ती आली की अजूनही भर दुपारी माझ्या अंगावर काटा येतो आणि मग रडूही येतं. ती सांगते.

ती सगळी वर्षं कापसाची होती. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. माणसं नुसती येडी झाली होती. जिथं ज्वारी डोलायची ती वावरं मोडून लोकांनी कापसाची पऱ्हाटी लावली. अंगावर दागिने आले आणि पोटाचा दाणा महागला, असली ती श्रीमंती! आमचं घर गावाच्या अगदी शेवटाला, अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याच्या कडेला होतं. सासरे आणि मालक कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेलेले. तिथं गाड्यांची अशी गर्दी की गेलेला माणूस कधी परत येईल ते सांगता येत नसे. घरी आम्ही तिघीच. मी, माझी सासू, जिला मी आत्याबाई म्हणायची, आणि माझी अंगावर पिणारी पहिलटकरणीची पोर.

रस्त्यापलीकडे आगगाडीचा भराव घालणं चालू होतं. मातीकामाला कुठकुठल्या मुलखातली माणसं आली होती, पालं ठोकून राहिली होती. गावातलं कोणी त्यांच्याशी बोलत नसे. ती लेकरं पळवतात, असं बाया विहिरीवर एकमेकींना सांगायच्या. मीही सांगायची, ऐकलेलंच पुढं.

अशात मला देवी आली. आधी ताप, मग अंगभर फोड. पापण्यांवरसुद्धा आले आणि दोन्ही डोळे असे चिकटले की दिवस आहे की रात्र तेही कळेना. आत्याबाईंनी दाराला निंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद, कारण देवीला फोडणीची धग सोसत नाही. निंब दिसला की कोणी उंबरा ओलांडत नसे, हाकसुद्धा मारत नसे. मला मधल्या अंधाऱ्या खोलीत निजवलं आणि पोरीला बाहेर छपरीत लुगड्याची झोळी करून टाकलं. माझ्या छातीवरही फोड, दूध आटलेलं. पाजायची बातच नव्हती.

मला माझ्या जिवाचं काही वाटत नव्हतं, खरंच सांगते. पोरीचं काय, एवढंच डोक्यात घुमायचं. बकरीचं दूध बोळ्यानं दिलं तर ती ओकून टाकायची. गावात पाजणाऱ्या बाया होत्या, पण निंब बांधलेल्या दाराशी आपलं पोटचं सोडून कोण येईल? मी तरी गेले असते का? पोरीचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं. आधी कसं ताणून रडायची! मग नुसतं म्यँ म्यँ, आणि मग तेही मध्येच तुटायचं.

आत्याबाई दिवसभर वावरात असायच्या. कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हतं. त्या सकाळी मला पेज पाजायच्या, उंबऱ्यावर देवीसाठी थाळीत दहीभात ठेवायच्या आणि मुसमुसत जायच्या. भात आमच्याकडे सणालाच व्हायचा, ज्वारीचा मुलूख हा. पण देवीला कमी कसं करायचं? त्या गेल्या की गाव रिकामं. एक माणूस नाही, कुत्रं नाही. निंबाची पानं दाराला घासायची तेवढा आवाज.

अशाच एका दुपारी पोर रडत होती आणि एकदम गप्प झाली.

गेली, म्हटलं. संपलं. तिच्या पायात चांदीचे वाळे होते, घुंगरांचे. ती जरा हलली तरी ते वाजायचे. मी कान देऊन पडले. आणि ते वाळे वाजले, पण झोळीतून नाही. उंबऱ्यापाशी, खाली. जणू पोरीला कोणी मांडीवर घेतलं होतं. पाऊल वाजलं नव्हतं, दार वाजलं नव्हतं. वास तेवढा आला, ताज्या उकरलेल्या ओल्या मातीचा. मूठमाती देताना येतो ना, तसा. मला ओरडायचं होतं, पण घशातही फोड होते. बऱ्याच वेळानं झोळीची दोरी करकरली, वाळे एकदा वाजले आणि शांत झाले.

संध्याकाळी आत्याबाईंची किंकाळी ऐकली. मी समजले. पण त्या आत धावत आल्या त्या हसत आणि रडत.

"पोरी, पोट भरून झोपली वं ही! ओठाले दूध लागून आहे! अन् थाळी पाह्य, चाटूनपुसून साफ!"

"कोणं पाजलं?" मी कसंबसं विचारलं.

"कोणं म्हंजे? मायबाईनं! भात खाल्ला अन् लेकराले पाजून गेली. आता काई भेव नाई बाप्पा!"

मला भेव होतंच. देवीच्या अंगाला मातीचा वास कशाला येईल? मसणातलं काहीतरी माझ्या पोरीला पाजून जातं, असं माझ्या मनानं घेतलं. रोज दुपारी तसंच व्हायचं. रडणं, मग एकदम गप्प, वाळे उंबऱ्यापाशी, मातीचा वास आणि चुटुक चुटुक पिण्याचा आवाज. मी अंधारात दातावर दात दाबून पडायची. आणि पोर मात्र बाळसं धरायला लागली! काय करावं माणसानं? ज्याची भीती वाटते त्याचीच वाट बघायची, अशी माझी गत झाली. दुपार उतरायला लागली आणि वास आला नाही तर जीव कासावीस व्हायचा.

आत्याबाईंचं मन मोठं. नुसत्या भातावर देवीची बोळवण करणं त्यांना पटेना. एका सकाळी त्यांनी थाळीत हातातलं चांदीचं कडं ठेवलं. संध्याकाळी थाळी साफ आणि कडं पोरीच्या झोळीत, चिंधीत नीट बांधलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातली सोन्याची पोत ठेवली. त्याच साली कापसाच्या पैशावर केलेली, अजून नवी कोरी. तीही परत, तशीच बांधून.

त्या दिवशी आत्याबाईंचा आवाज बदलला. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मायबाई चांदी घेत नाई, सोनं घेत नाई," त्या म्हणाल्या. "तिले दुसरंच पाह्यजे."

"काय पाह्यजे?"

"पाजून पाजून आपली करून राह्यली थे पोरीले. तिले पोरच पाह्यजे." मग म्हणाल्या, "मी बोलली तिले. परवा सकाळी लेकराले शिवेवरच्या मायबाईच्या ओट्यावर ठेवतो. दिवस मावळेपावतर. थे न्यायाची तं नेईल, ठेवायाची तं ठेवील. तिच्या मर्जीबाहीर आपण जाऊ नाई, नाई तं तुलेबी ठेवायाची नाई थे."

शिवेवर! तिथं भर दिवसा कोल्हे फिरायचे, ऊन तर माणूस भाजून काढायचं. मी म्हटलं, आत्याबाई, असं नका करू. पण त्यांना वाईट म्हणू नका. त्या काही राक्षसीण नव्हत्या, दोघींमधली एक तरी वाचावी म्हणून त्या तडफडत होत्या. देवीला शब्द दिला होता आणि देवीला दिलेला शब्द त्या मोडणार नव्हत्या. मला एकच दुपार उरली होती. येणारी देवी आहे, भूत आहे की माणूस आहे, ते मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई वावरात गेल्या तशी मी अंथरुणातून खाली घसरले. कोपरांवर सरपटत निघाले. फोड फुटत होते, मातीच्या भुईला चिकटत होते. आई गं! आजही ती आठवण नको वाटते. दारामागं, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला जाऊन पडले आणि तोंडात पदर कोंबला. पोर रडायला लागली. रडली, रडली. मग गप्प.

मातीचा वास आला. आज अगदी नाकाशी. वाळे वाजले आणि कोणीतरी उंबऱ्यापलीकडे बसलं. श्वास ऐकू येत होता. मी हात पुढं टाकला आणि हाताला लागलं ते मनगट घट्ट धरलं.

ते गरम होतं. बांगडी नव्हती, वाळलेल्या चिखलाचा थर होता. तिला झटका बसला, पण तिनं हात ओढून घेतला नाही, कारण मांडीवर पोर पीत होती. मी दुसरा हात वर नेला. खांदा, मान, गाल. गालावर खड्डे होते, जुने, बुजलेले. तिला कधीतरी देवी येऊन गेली होती. म्हणून तिला या दाराची भीती नव्हती.

"कोण हायेस तू?" मी म्हटलं. "माह्या पोरीले नेतं का तू? खरं सांग. उद्या तिले शिवेवर ठेवून राह्यले."

ती बोलली ते तुटक तुटक, आमच्या बोलीत कुठलीतरी दुसरीच बोली मिसळलेली.

"नेत नाय," ती म्हणाली. "चांदी नको. दूध इकत नाय मी. भात पुरे."

भरावावरची होती ती. मातीकामाची, पालातली. उंबऱ्यावर रोज ठेवलेली थाळी तिला दुधाबद्दल ठेवलेली वाटत होती! दाणा इतका महाग, ती माणसं अर्धपोटी काम करायची. भूक लागलेली असताना भात घेतला आणि सोनं चिंधीत बांधून झोळीत ठेवलं, कोणी बघत नसताना, रिकाम्या गावात.

"अन् तुहं लेकरू?" मी विचारलं.

माझा हात धरून तिनं माझ्या पोरीच्या पोटावर ठेवला, तट्ट भरलेल्या पोटावर, आणि वरून दाबून धरला. बराच वेळ. मग पोरीला झोळीत टाकून ती गेली.

संध्याकाळी मी आत्याबाईंना सांगितलं, "थे आलती. बोलली माह्यासंगं."

"काय म्हणे?" त्या मटकन खाली बसल्या.

"म्हणे, नेत नाई. चांदी नको. भात पुरे."

आत्याबाईंनी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडल्या. शिवेवर जाणं टळलं. खोटं मी एक अक्षर बोलले नाही. थे कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भरावावरच्या बाईनं पाजलं म्हटलं असतं तर त्यांनी जातपात काढली असती, दाराशी राखण बसवली असती आणि पोर उपाशी मेली असती.

ती पुढंही येत राहिली. आता मातीचा वास आला की मी आतून नुसतं "ये माय" म्हणायची. मग माझे फोड सुकले, छातीत थोडं दूध आलं, आणि एका दुपारी ती आली नाही.

निंबाच्या पाण्यानं मला पहिली आंघोळ घातली तेव्हा एक डोळा उघडला. दुसरा गेला तो गेलाच. आत्याबाई वावरात जाताच मी भिंत धरत, काठी टेकत रस्ता ओलांडला. पालं उठली होती. भराव पुढं सरकला होता, त्याच्याबरोबर माणसंही. चुली विझलेल्या, जमीन तुडवलेली. तिचं तोंड मी बोटांनी पाहिलं तेवढंच, डोळ्यांनी कधीच नाही.

भरावाच्या पायथ्याशी दगडांची एक छोटी रास होती. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून माणसं रचतात तशी. हातभर लांब, जास्त नाही. वर निंबाचा वाळका डहाळा होता. आणि पुढं पळसाच्या पानावर भाताची शितं, दह्यासकट वाळून खडखडीत झालेली. त्या सगळ्या मुलखात भात शिजत होता तो फक्त आमच्या घरी.

मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. घरी आले तर आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी देवीची पाठवणी होती, नैवेद्य गावाबाहेर नेऊन ठेवायचा होता. मी म्हटलं, "आत्याबाई, आपण नैवेद्य रस्त्यापलीकडं ठेवू, भरावापाशी. अन् भात थोडा जास्त टाका."

"काहून वं?"

"तिच्यासंगं लेकरू होतं."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या पायांना भरावाची माती लागली होती, ती पाहिली. उठल्या, मडक्यात हात घातला आणि तांदळाची आणखी एक लहानशी मूठ सुपात टाकली.